सौम्य रहस्यकादंबरीचे लेखन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रांतून, महाविद्यालयांतल्या कार्यक्रमांत आणि ग्रंथालयांच्या वाचक-मेळाव्यांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो वाचकांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ज्याचे उत्तर अन्यत्र आले आहे, तेथे तो क्रमांक दिला आहे.

१. खून असताना कादंबरी सौम्य कशी म्हणायची?

खून असतोच, पण तो पानावर घडत नाही. प्रेत सापडते, जखमांचे वर्णन एखाद्या वाक्यात आटोपते आणि कादंबरी मागे उरलेल्या माणसांकडे वळते. शोध घेणारी व्यक्ती पोलीस नसते, गाव लहान असते, संशयित एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत असतात आणि शेवटी कोडे पूर्णपणे सुटते. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडमध्ये रुळलेल्या कोडेवजा रहस्यकथेतून हा प्रकार आला. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये त्या कथेचे दहा नियमच लिहून काढले होते. शोधकर्त्याला सापडलेला धागा वाचकालाही तत्काळ दिसला पाहिजे, हा त्यांतला नियम मी कसोशीने पाळते. एकापेक्षा अधिक गुप्त वाटा नकोत, असाही एक नियम आहे. प्रत्येक गढीखाली भुयार असतेच अशी ठाम समजूत असलेल्या मुलखात तो पाळणे अंमळ कठीण जाते.

२. मराठीत अशा कादंबऱ्या वाचतो कोण?

बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा ज्या भाषेत खपल्या, त्या भाषेत रहस्याच्या वाचकाची वाण नाही. ती परंपरा मात्र बहुतांशी मुंबईची, वेगाची आणि साहसाची होती. माझा वाचक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक घरी नेतो, ते घरातल्या तिघी-चौघी वाचतात आणि मगच ते परत जाते. खपाचा आकडा त्यामुळे वाचकसंख्येपेक्षा नेहमीच लहान दिसतो.

३. तुमच्या कादंबऱ्यांतला तालुका नेमका कोणता? आमचाच वाटतो.

तो कोणताच नाही. बालाघाटच्या रांगेवर, मांजरा खोऱ्याच्या कडेला मी एक तालुका बसवला आहे. त्याच्या आजूबाजूची मोठी गावे खरी आहेत. पात्रे दवाखान्यासाठी लातूरला जातात, नवस फेडायला तुळजापूरला जातात आणि जमिनीचा वाद हाताबाहेर गेला की छत्रपती संभाजीनगरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातात. तालुका कल्पित ठेवण्याचे कारण व्यवहाराचे आहे. तहसील कचेरीत एक, ठाण्यात एक आणि बाजार समितीत एक असे प्रमुख असतात. तालुक्याचे नाव खरे दिले की त्या खुर्चीवरचा माणूसही खरा होतो. याच्या कायदेशीर बाजूसाठी प्रश्न १५ पाहावा.

४. एवढ्याशा तालुक्यात इतके खून होतात, हे पटत नाही.

पटू नये, हे योग्यच आहे. म्हणून एका पुस्तकात एकच मृत्यू ठेवते, काही पुस्तकांत मृत्यू जुना असतो आणि काहींत तो नसतोच. हरवलेला दस्त किंवा नाहीसा झालेला माणूस एवढ्यावरही कादंबरी उभी राहते.

५. तुमची नायिका दस्तलेखक का? निवृत्त फौजदार का नाही?

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या दस्तलेखकाकडे माणसे स्वतःहून येतात आणि येताना खरे बोलण्याची तयारी करून येतात. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र यांतला प्रत्येक कागद कोणत्या तरी घरातल्या भांडणाचा किंवा समेटाचा शेवट असतो. बहिणीने हक्क स्वखुशीने सोडला की भावजयीने तिला तहसीलच्या पायरीपर्यंत ओढत आणले, हे सही करतानाच्या हातावरून माझ्या नायिकेला, काकूंना, कळते. निवृत्त फौजदाराला ही सोय नाही. त्याच्यापुढे माणसे अजूनही उभी राहून बोलतात.

६. गावात सगळ्यांना सगळे माहीत असते. मग रहस्य उरतेच कसे?

मला येणारा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. गावात माहितीचा तुटवडा कधीच नसतो. कोणती माहिती कोणापुढे काढायची नाही, याचा मात्र एक अलिखित करार असतो. थोरल्या सुनेचे माहेर का तुटले, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि जमादाराने विचारले की तीच गल्ली एका सुरात म्हणते, "आम्हाला काय माहीत, साहेब?" त्यामुळे माझ्या कादंबरीत नवा पुरावा फारसा सापडत नाही. सर्वांना माहीत असलेली एखादी गोष्ट कोणीतरी चुकीच्या माणसासमोर बोलतो आणि तेथून उलगडा सुरू होतो.

लिहिण्यापूर्वी मी प्रत्येक पात्रासाठी वहीत तीन रकाने आखते: त्याला काय माहीत आहे, ते त्याने कोणाला सांगितले आहे आणि कोणासमोर तो ते मरेपर्यंत काढणार नाही. पहिले दोन रकाने कोणालाही भरता येतात. कथानक तिसऱ्यातून निघते. नवोदितांची हस्तलिखिते जेथे फसतात, तेथे बहुधा हा तिसरा रकाना रिकामा असतो.

एक उदाहरण देते. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागांत गावेच्या गावे रानात जातात. कडब्याची कोप उभी राहते, पूजा मांडली जाते, भज्जी, आंबील आणि उंड्यांचे जेवण होते आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्या दुपारी गल्ल्या ओस पडलेल्या असतात. एखाद्या बंद वाड्यात काय घडले हे पाहणारा कोणी नसतो आणि प्रत्येकाकडे "मी अमक्याच्या रानात जेवत होतो" हे उत्तर तयार असते. ते उत्तर पोलिसांना खरे वाटते. गल्लीतल्या म्हातारीला मात्र ठाऊक असते, की त्या घराला त्या आठवड्यात सुतक होते आणि त्यांच्या रानात यंदा पूजा मांडलीच नव्हती. ती हे आपणहून सांगत नाही, कारण तिला कोणी विचारलेले नसते आणि विचारणारा तिच्या नात्यातला नसतो. याच प्रसंगात आणखी एक सापळा असतो. दिवस अमावस्येचा असल्याने "चांदण्यात त्याला ओळखले" असे सांगणारा साक्षीदार आपोआप खोटा पडतो.

७. कथानके कुठे सापडतात?

जमिनीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळातले महसुली कागद मोठ्या प्रमाणावर उर्दूत, काही मोडीत आहेत. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या) इनामांच्या जमिनी, १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने आलेले कुळांचे हक्क आणि त्यानंतर तोंडी झालेल्या वाटण्या यांचा गुंता अनेक घरांत अजून सुटलेला नाही. ज्याच्या ट्रंकेत कागद आहे त्याला तो वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येतो त्याचा त्या जमिनीशी संबंध नाही. रहस्यकादंबरीला याहून अधिक काय हवे? कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. अशा वाचकाने मुद्दाम एक ओळ गाळली तर काय होईल, या विचारातून माझे एक पुस्तक निघाले.

कालगणनेचाही उपयोग होतो. जुन्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलाची जुनी वर्षगणना, असतो आणि त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे फसली १३५० चा दस्त १९४०-४१ चा ठरतो. त्यावर साक्षीदार म्हणून सही करणारा माणूस १९३८ साली जन्मलेला निघाला, तर तो दस्त केव्हातरी नंतर तयार झालेला आहे हे उघड होते. असा धागा मी पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशातच ठेवते. वाचकाने बेरीज करावी अशी अपेक्षा असते. बहुतेक जण करत नाहीत आणि शेवटी स्वतःवरच चिडतात.

८. रोज लिहिता का? शेवट आधी ठरवता का?

सकाळी लिहिते, नळाला पाणी येण्याचा दिवस सोडून. शेवट आधी ठरलेला नसेल तर हा प्रकार लिहिताच येत नाही. खून कोणी, का आणि कोणत्या वेळी केला हे ठरल्यावर मी त्या दिवसाचा तासवार तक्ता करते आणि प्रत्येक पात्र कोठे होते ते त्यात मांडते. येथे स्थानिक व्यवस्था उपयोगी पडतात. कृषिपंपांना पाळीने कधी दिवसा, कधी रात्री वीज मिळते. रात्री दोनला विहिरीवर होतो असे सांगणाऱ्याची पाळी त्या आठवड्यात दिवसाची होती, हे फीडरच्या वेळापत्रकावरून ताडून पाहता येते. टँकरच्या खेपांची नोंद, दूध संकलन केंद्राची पावती, बाजार समितीतल्या काट्याची चिठ्ठी, असे वेळ छापलेले कागद खेड्यात शहराइतकेच असतात. पहिला खर्डा मी हाताने लिहिते. दुसऱ्या खर्ड्यात फक्त धागे तपासते, भाषा तिसऱ्यात.

९. बंद खोलीतले रहस्य आपल्याकडच्या घरात जमेल का?

उत्तम जमते, मात्र घर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, हवे. जाड भिंती, लहान खिडक्या, आतून घातलेला अडसर आणि छताला उजेडासाठी व धुरासाठी ठेवलेले साणे. त्या साण्यातून माणूस उतरत नाही, पण दोरी उतरते, आवाज उतरतो आणि माळवदावर चालणाऱ्याच्या पायाने सुटलेली माती खाली अंथरुणावर पडते. ती माती दिसावी यासाठी अंथरूण पांढरे ठेवावे लागते, एवढीच खबरदारी. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, रात्री कोणीतरी झोपलेले असतेच, म्हणून दारातून आलेल्याची साक्षही मिळते.

पेवाविषयी, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठाराविषयीही विचारले जाते. धान्य साठवलेल्या बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ते उघडून हवा खेळू न देता आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो, हे खरे आहे आणि असे अपघात झालेले आहेत. त्यामुळे तो अपघात की घात हा प्रश्न खुला राहतो. आता पेवे फारशी वापरात नाहीत. कथा आजची असेल तर पेव का उघडले, याचे कारण आधी शोधावे लागते.

१०. विष कोणते वापरता?

शेतीचे कीटकनाशक कधीही वापरत नाही. ज्या प्रदेशातल्या कितीतरी घरांनी शेतकरी आत्महत्येत तोच डबा पाहिला आहे, तेथे तो करमणुकीच्या कोड्यात ठेवणे मला अशोभनीय वाटते. कुंपणाची कण्हेर किंवा धोतरा आला तरी मात्रा, कृती आणि चव यांविषयी पुस्तकात काहीही येत नाही. कोड्यासाठी ते लागतही नाही. ते कोणाच्या हातून गेले, एवढे पुरते.

११. पोलिसी प्रक्रिया किती अचूक असावी?

पुस्तकात थोडीच यावी. परंतु जी येईल ती बिनचूक असावी. संशयास्पद मृत्यूची खबर गावचा पोलीस पाटील ठाण्याला देतो. तेथे आकस्मिक मृत्यूची नोंद होते, मरणोत्तर पंचनामा होतो आणि प्रेत शवविच्छेदनासाठी जाते. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, राखून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. मराठवाड्यात अशी एक प्रादेशिक प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे. अहवाल येईपर्यंतचा काळ हाच हौशी शोधकर्तीचा काळ असतो. ठाण्यात त्या दिवसांत कागद पुढे सरकत नाही आणि काकूंच्या टेबलाशी माणसे येतच राहतात.

फसगत होते ती कलमांत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. खुनाचे कलम भारतीय दंड संहितेत ३०२ होते, ते भारतीय न्याय संहितेत १०३ झाले. मरणोत्तर पंचनाम्याचे फौजदारी प्रक्रिया संहितेत १७४ होते, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १९४ झाले. गुन्हा त्या तारखेपूर्वी घडला असेल, तर खुनाचे कलम ३०२ च राहते, मग खटला केव्हाही चालो. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याची तरतूदही नव्या संहितेत आहे. म्हणून फौजदाराने एकट्याने कपाट उघडून खिशात चिठ्ठी टाकली, असा प्रसंग आज लिहायचा असेल तर ते मुद्रण का झाले नाही, हेही सांगावे लागते.

१२. शेवटी सगळ्यांना वाड्यात जमवून खुन्याकडून कबुली घेतली, तर ती कोर्टात टिकेल का?

कबुली कोणासमोर दिली यावर ते अवलंबून आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही; जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होते, भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवलेला कबुलीजबाब वेगळा. त्याची रीतसर पद्धत प्रश्न ११ मधल्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १८३ मध्ये आहे. खासगी व्यक्तीसमोर दिलेली कबुली न्यायालय विचारात घेऊ शकते, पण तिला दुजोरा शोधते.

यातून कादंबरीच्या रचनेसाठी एक सोय निघते. फौजदार वाड्यात बसलेला असताना कबुली घडवू नये. ती ढाळजेत, काकूंसमोर घडावी आणि कबुलीत उल्लेख झालेली वस्तू नंतर पंचांसमक्ष सापडावी. वाचकाला नाट्य मिळते आणि वाचकांतल्या वकिलांची पत्रे कमी येतात.

१३. मोबाइल आणि सीसीटीव्हीमुळे रहस्य मरत नाही का?

नाही. मोबाइल घरी चार्जिंगला लावून रानात जाणारी माणसे भरपूर आहेत. शिवाय टॉवरवरून फोन कोठे होता ते कळते, हातात कोणाच्या होता ते कळत नाही.

१४. पात्रांनी मराठवाडी बोलीत किती बोलावे?

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही माझी पद्धत आहे. परंतु बोली म्हणजे प्रत्येक शब्द वाकडा लिहिणे नव्हे. "काय करायलाव?", "कामून आला नाहीस?", "लई दिवस झाले" एवढ्याने माणूस ऐकू येतो. नांदेडकडचे, बीडकडचे आणि उदगीरकडचे बोलणे एक नाही. उदगीरकडे कानडीचा शेजार लागतो. एक पात्र एका गावचे ठरले की त्याचे क्रियापद बदलू नये. माझ्या एका पुस्तकात हीच गोष्ट पुरावा ठरते: आपण परळीचेच असे सांगणारा पाहुणा रागाच्या भरात वेगळ्याच जिल्ह्याचे क्रियापद वापरून जातो.

१५. एखाद्याला वाटले की पुस्तकातला खुनी आपणच आहोत, तर?

वाटतेच. "सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही ओळ छापली म्हणजे संरक्षण मिळाले, हा गैरसमज आहे. वाचकाला खरी व्यक्ती ओळखता येत असेल आणि तिची अप्रतिष्ठा होत असेल, तर बदनामीचा दावा होऊ शकतो. म्हणून मी एका माणसाचा धंदा, दुसऱ्याचे घर आणि तिसऱ्याची सवय एकत्र करते आणि खुन्याला असे पद देते, की ज्यावर तालुक्यात अनेक जण असतात. सरपंच चालतो, एकुलता सरकारी डॉक्टर चालत नाही.

जिल्ह्यात अलीकडे घडलेल्या खऱ्या खुनांवर लिहा, असा आग्रह होतो. मी लिहीत नाही. ज्या घरात अजून तारखा पडत आहेत, त्या घरच्या दुःखाचे कोडे करून विकायला सौम्य रहस्यकथेला तोंड नाही.

१६. जातीचा विषय टाळता, असा आरोप आहे.

पहिल्या पुस्तकांबाबत तो काही अंशी खरा आहे. प्रकारच असा आहे, की तो गोडीगुलाबीचे गाव मागतो. पण ढाळजेत कोण बसतो आणि पायरीवर कोण उभा राहतो, हे न सांगता मराठवाड्यातल्या वाड्याचे वर्णन पूर्ण होत नाही. रहस्याच्या दृष्टीनेही ते आवश्यक आहे, कारण ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असा माणूस सर्वांत अधिक पाहत असतो. वाड्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे ज्याचे नावही विचारले नाही, त्या सालगड्याची साक्ष निर्णायक ठरते तेव्हा तो केवळ क्लृप्तीचा भाग राहू नये, त्याला घर, मत आणि राग असावा, याकडे मी आता अधिक लक्ष देते.

१७. प्रकाशकाशी करार करताना काय पाहावे?

करार लेखी असावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत समजला जातो. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटलेले नसल्यास, तो लेखकाकडे परत येतो. "सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमस्वरूपी" असे वाक्य दिसले की खाली सही करण्यापूर्वी श्राव्य पुस्तक, अनुवाद आणि चित्रपट-मालिका हे हक्क वेगळे काढून घ्यावेत. मालिकेतल्या नायिकेचा हक्क तर कधीही देऊ नये, अन्यथा पुढचे पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे नेता येत नाही. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. लेखन होताच हक्क निर्माण होतो आणि लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो.

१८. यावर पोट भरते का?

भरत नाही. मानधन, दिवाळी अंकांतल्या कथा आणि श्राव्य पुस्तकांचे पैसे मिळून कागद, प्रवास आणि थोडी पुस्तके निघतात. नोकरी सोडण्याविषयी विचारणाऱ्यांना माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. शिवाय कचेरीत जे ऐकू येते, ते घरी बसून ऐकू येत नाही.

१९. माझे हस्तलिखित वाचाल का?

पूर्ण नाही. पहिले प्रकरण, खुनी उघड होण्याआधीचे प्रकरण आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेला तासवार तक्ता एवढे पाठवावे. खुन्याचे नाव पाठवू नये. मला ते त्या दोन प्रकरणांवरून ओळखता आले, तर धागे फार उघडे आहेत. तक्ता पाहूनही आले नाही, तर ते पुरेसे दिलेले नाहीत. आषाढ-श्रावणात दिवाळी अंकांचे काम असते. तेव्हा उत्तराला उशीर होतो.